हिंदी, एक

सूरच्या खाडीकडं पाठ करून बसलेल्या
या वाचनालयात मी तेवीस वर्षं
पुस्तकांच्या पाठी शिवतोय.
सुई, मेण लावलेला दोरा, खळ.
मदरशात अर्थ न कळता घोकलेली अक्षरं
इथं भाकरीला आली.

गालिया आली ती मोकळ्या हातांनी.
चित्रकार म्हणे. ब्रश नाही, वही नाही.
म्हणाली, यासीन तांडेल तूच का?
गलबताचं ते खातं दाखव,
कुणी मागत नाही ते.

काढलं. वाळवीनं समास खाल्लेला,
आकडे शाबूत.
खजूर इतके, तांदूळ इतका,
सालेम, मुबारक, जुमा, ज्याच्या त्याच्या बापासकट,
आणि नावाखाली ज्याची त्याची उचल.
मग: हिंदी, एक.
हिंदी, एक.
पान उलटलं तरी तेच. पाच वेळा.
बाप नाही, गाव नाही.
उचल मात्र आहे, आण्या-पैपर्यंत चोख.

तिनं पानावर बोट टेकवलं नाही,
एवढं एक बरं केलं.
हवेतच धरून विचारलं, इथं कोण होतं?
मी म्हटलं, खात्यात नाही ते नाही.
माझं काम फाटलेलं सांधायचं,
न लिहिलेलं लिहायचं नव्हे.

ती तळघरात गेली, आणि येताना
तालिकेची कोरी कार्डं घेऊन आली,
खाली सळईचं भोक असलेली.
संगणक आल्यापासून
त्यांची कुणी विचारपूस केली नव्हती.

शुक्रवारी नमाजनंतर दार उघडं ठेवलं.
कधी आत न आलेली माणसं
चपला बाहेर काढून आली.
घाला, लादी गार आहे, म्हटलं.
कुणी ऐकेना.

गलबतांच्या कारखान्यातला मोयदीन सुतार.
लिहिता येईना, म्हणून त्यानं कार्डावर
लाकडाचा एक सांधा काढला.
हा माझ्या आजाचा, म्हणाला,
ओळखणारे ओळखतील.
मासळी उतरवणारा जाहेद मियाँ
स्वतःचंच नाव लिहून बसला,
खाली दलालाचं देणं, आजच्या तारखेचं.
अरे, हे जुन्या लोकांसाठी आहे, मी म्हटलं.
तो म्हणाला, मग मी किती थांबू?
झांजिबारला जन्मलेली बीबी झुवेना
चार कार्डं घरी घेऊन गेली.
अजून परत आणलेली नाहीत.

संध्याकाळी खातं मिटताना
तिसऱ्या हिंदीच्या कडेला एक शब्द दिसला,
बारीक, ओलीनं नुक्ते पुसून नेलेला.
हेच पान मी आजवर तीनदा
खळ लावून सरळ केलं होतं.
तंदेल.
किंवा नुक्ते दुसरीकडं धरले
तर दुसरंच काही.

तांडेल म्हणजे खलाशांचा मुकादम. हुद्दा.
तांडेल म्हणजे आम्ही, हर्णैचे,
समुद्र सोडून तीन पिढ्या झालेले,
होडीत बसलं की उलटी होणारे.
कुठला, ते कागद सांगत नाही.

गालियाला दाखवलं. ती हसली नाही,
सापडला, असंही म्हणाली नाही.
नुसती दोन कार्डं पुढं सरकवली.

एकावर हुद्दा लिहिला.
दुसरं हातात धरून बसलो
करक चहावर साय धरेपर्यंत,
पलीकडं अयजाच्या दीपस्तंभाचा उजेड
खिडकीवरून कितीदा तरी
येऊन जाईपर्यंत.

मग पेन्सिलीनं, पुसता येईल असं,
आमचं आडनाव लिहिलं, पुढं प्रश्नचिन्ह,
आणि हाताच्या सवयीनं
कोपऱ्यात दाखल क्रमांक टाकला.

तो शाईनं पडला.