माया

गोळीबार चौकातून आत, तिसऱ्या गल्लीत माझं दुकान.
बायकांची मापं सिंधू घेते, पडद्याआड.
ती आकडे बोलते, मी वहीत लिहितो.
तीस वर्षं हेच.

खुशबू परातेचं पान आठवीपासूनचं आहे.
गोळाफेक, शाळेचा टी-शर्ट.
मान बारा, खांदा साडेचौदा, दंड दहा.
दर वर्षी पाव इंच, अर्धा इंच,
पोरं वाढतात तसं.
बाजूच्या शिवणीत मी माया सोडायचो.
वाढत्या अंगाला सोडावीच लागते.

मग ती शिबिराला गेली.
सरांनी डबा सांगितला, केशरी झाकणाचा,
दुधातून दोन चमचे.
बाप ई-रिक्षा चालवतो, डबा चार हजारांचा.
वर लिहिलेलं : वनस्पतिजन्य.
घटकांची यादी मीच वाचून दाखवली, चष्मा लावून.
जे होतं, ते यादीत नव्हतं.

मे महिन्यात ब्लेझरसाठी आली.
बाहेर शेहेचाळीस, कूलरचं पाणी संपलेलं.
सिंधू म्हणाली, मान...
आणि थांबली.
साडेचौदा.
दंड...
तिनं टेप पुन्हा लावला.
तेवढ्यात पडद्याआडून कोणीतरी बोललं,
"काकू, घट्ट नोका घेऊ."
आत पुरुष कोण शिरला
म्हणून मी कात्री ठेवून उठलो,
पडदा धरला
आणि सोडला.

बाटली सीलबंद होऊन दिल्लीला गेली.
अ, मग ब.
प्रयोगशाळेला तीन आठवडे लागले.
मला त्याच दुपारी कळलं होतं.
मी काय केलं?
माया जास्त सोडली.

चार वर्षांची बंदी.
सर म्हणतात, कोणता डबा?
मानकापूरला अजून दिसतात, शिट्टी गळ्यात,
नव्या पोरींना पळवताना.
डबा तिच्या आईनं घासून ठेवलाय,
त्यात आता तुरीची डाळ असते.

काल तोच ब्लेझर घेऊन आली.
"काका, खिशावरचा बिल्ला काढा,
अन् अंगातून कमी करा. मुलाखतीले जायचं आहे."
दंड उतरलेत, खांदा उतरलाय.
कापड उसवून आत घेता येतं.
आवाजाला शिवण नसते.

सिंधूला आकडे बोलवेनात.
मग टेप खुशबूनंच घेतला,
पडदा सारून आरशासमोर उभी राहिली
आणि एकेक माप सांगत गेली,
त्याच जाड, संथ आवाजात.
मी लिहिलं, मान तेरा.
"सव्वातेरा," ती म्हणाली.
"बराबर लिहा, काका."