सहा टक्के

कोत्का बंदरात नोव्हेंबरमध्ये
साडेतीनलाच दिवा लावावा लागतो.
ताउनो लावत नाही.
पडद्यावरच्या ग्रहाचा उजेड त्याला पुरतो,
आणि मला त्या उजेडात
काळ्या दांड्यावर मिटलेली त्याची मूठ तेवढी दिसते.

एकतीस वर्षं ह्या हातानं क्रेन चालवली.
चाळीस फुटी कंटेनर, आत काच असो की मीठ,
जहाजावरून उचलायचा
आणि ट्रकच्या पाठीवर असा टेकवायचा
की केबिनमधल्या ड्रायव्हरची झोप मोडू नये.
(हे तो सांगत नाही. ड्रायव्हर सांगायचे,
त्याच्या निरोपाच्या केकवर हात मारता मारता.)

आता त्याच्याकडे एक मालवाहू यान आहे.
यौकोनं, आमच्या मुलानं, बसवून दिलेला खेळ.
त्यात एक स्थानक स्वतःभोवती फिरत असतं,
त्याच्या पोटाला फट, टपालपेटीच्या तोंडासारखी,
तिच्यातून यान आत घालायचं.
पहिल्या आठवड्यात त्यानं सोळा यानं फोडली.
सोळाही डावीकडे.

"हात," तो म्हणाला. एवढंच.
सकाळी कॉफीचा कप बशीत वाजतो
ते आम्ही दोघंही गेले सहा महिने
बंदराकडे जाणारी मालगाडी समजून ऐकतो.
दवाखान्याचं पत्र फ्रिजवर, चुंबकाखाली.
तारीख जानेवारीतली.

मग रोज संध्याकाळी तो सेटिंगमध्ये जाऊन बसायचा.
सेन्सिटिव्हिटी ऐंशी. सत्तर. पंचावन्न.
रेषा वाकवायचा: मधोमध सपाट, कडेला चढ,
म्हणजे जरासं हललं तर काहीच हलू नये
आणि जोरात वळवलं तरच यानानं ऐकावं.
आमच्या लग्नाचंही साधारण असंच आहे,
मनात आलं. बोलले नाही. बटाटे सोलत राहिले.

डेडझोन चार. नऊ. चौदा.
चौदावर यान दगड झालं.
"हातमोजे घालून दाढी करतोय," म्हणाला
आणि पुन्हा चारवर आणलं.
ते सरकतच होतं,
तसूभर, केसभर, पण डावीकडेच.

परवा रात्री तो खुर्चीतच झोपला.
मी पांघरूण घेऊन आले आणि पाहिलं:
त्याचे दोन्ही हात पोटावर,
दांडा एकटाच उभा, कुणी शिवत नव्हतं,
आणि तारे सावकाश उजवीकडे चाललेले.
पांघरूण हातातच राहिलं. मिनिटभर मोजलं.
यान डावीकडे वळत होतं.
हाताशिवाय.

सकाळी सांगितलं तर आधी माझ्यावरच चिडला.
मग स्क्रूड्रायव्हर शोधला.
स्प्रिंगखाली करडी धूळ निघाली
आणि राईच्या ब्रेडचा एक कण, कडक झालेला.
स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं, जोडलं.
यान उभं राहिलं,
गोठलेल्या खाडीतल्या होडीसारखं.

मग त्यानं हात ठेवला.

तारे थरथरले.
डावीकडे नाही, उजवीकडे नाही, जागच्या जागी,
थंडीत उभ्या घोड्याच्या कातडीसारखे.
बराच वेळ तो बघत राहिला.
यंत्राचं होतं ते गेलं.
हे उरलं ते.

दोन. चार. पाच.
सहावर तारे थांबले.
"सहा," तो म्हणाला,
वायरलेसवर वजन सांगायचा त्या आवाजात.
सेटिंग जपून ठेवायला नाव द्यावं लागतं.
त्यानं टाकलं: ताउनो, नोव्हेंबर.
म्हणजे डिसेंबरचं वेगळं असणार.
मी वाचलं, हे त्याला दिसलं.

फटीत शिरताना यानाचा उजवा पंख घासला.
ठिणग्या उडाल्या. दंड आला, चारशे आणि काहीतरी.
"भरू," म्हणाला,
आणि दिवा लाव म्हणाला, फार अंधार झालाय.