थांबण्याचा वेळ

फॉर्ममध्ये एक चौकोन असतो, रिकामा.
अवजार अडकण्याची शक्यता: टक्के.
फहूदच्या डोंगराला पाठ टेकलेली
आमची पत्र्याची खोली, रात्रीचे दोन.
एसीखाली ठेवलेली बादली भरत आलीय
आणि मी त्या चौकोनाकडे बघतोय.

माहिती सगळी आहे.
खोली तीन हजार एकशे चाळीस मीटर,
भोक अडतीस अंशांत कललेलं,
मधे एक वळण, जिथे केबल
त्याच दगडाला घासघासून
स्वतःपुरती खोबण पाडते.
चिखलाचा दाब खडकाच्या दाबाहून कितीतरी जास्त,
इतका, की अवजार जरा टेकलं भिंतीला
तर चिखलाची साय त्याला कडेवर घेते
आणि खाली ठेवत नाही.

चालतं अवजार सहसा अडकत नाही.
थांबलेलं अडकतं.
आणि खडकाच्या पोटातला दाब मोजायचा
तर थांबावंच लागतं.
बारा बारा मिनिटं, भिंतीला तोंड लावून, न हलता,
अठ्ठावीस ठिकाणी.
वजदीला हे मस्कतमध्ये बसून माहीत आहे.
तरी फोनवर म्हणतो,
"पस्तीस? वरचे लोक विसाच्या पुढे सही करत नाहीत."

देवरुखच्या खाली, आमच्या वाडीत
पोहरा विहिरीत पडला की गळ लागे.
गळ एकाच घरी, बाबल्या तांबटाकडे,
सहा आकड्यांचा, गंजका, काथ्याच्या दोराचा.
भाडं घेत नसे,
पण आधी तांब्या गहाण ठेवून घेई.
"पोहऱ्यापाठी गळही गेला, तर?"
आठ वर्षांचा मी तांब्या पोटाशी धरून उभा.
कवडीचुंबक वाटायचा.
अख्ख्या वाडीत जोखमीचा हिशेब मांडणारा
तो एकटाच होता, हे कळायला
मला वाळवंटात यावं लागलं.

इथला गळ दिवसाच्या भाड्याने येतो,
दोन ट्रेलरवर.
आणि नाहीच निघालं,
तर सोबत जोडलेल्या सीझियमच्या दाण्यावर
लाल रंगवलेलं सिमेंट ओततात,
विहिरीच्या तोंडाशी पाटी ठोकतात,
इथे पुन्हा खोदू नका.
अशी एक पाटी मी पाहिलीय.
तिच्या सावलीत सरडा बसला होता.

मी पस्तीसच लिहिलं.
वजदीने त्यापुढे 'मध्यम' टाइप केलं.
सही झाली.

एकोणिसाव्या ठिकाणी
ताणाचा काटा चार हजारांवरून सहा हजार नऊशे.
सात हजार दोनशेला तुटेल
ती मुद्दाम कच्ची ठेवलेली गाठ,
म्हणजे केबल वर येईल आणि बाकी सगळं राहील.
मी काट्याकडे बघत होतो.
इब्रीचा खमीस बघतच नव्हता.
डोळे मिटून, मान तिरकी करून
ड्रमचा आवाज ऐकत होता.
सैल सोडलं. ओढलं.
पुन्हा सैल, जास्त सैल,
आजारी माणसाची कूस बदलावी तसं.
अकरा मिनिटं.
मग काटा असा पडला
की मला वाटलं, तुटलंच.

तुटलं नव्हतं.

सकाळी वजदी म्हणाला,
"बघ, काही झालं नाही. तुझे पस्तीस चुकले."
पासष्टही त्याच आकड्यात होते,
मी बोललो नाही.
एका विहिरीवरून आकडा खरा ठरत नाही,
खोटाही नाही.
अवजार रॅकवर आडवं पडलं होतं,
एक बाजू स्वच्छ, चकचकीत,
दुसरीवर बोटभर जाड साय,
तिच्यात खडकाचा खरखरीत ठसा.
मी अंगठा लावला. अजून ऊन होती.

तांब्या परत देताना
बाबल्या तांबट पोहऱ्याकडे ढुंकूनही बघत नसे.
म्हणायचा, पोहरा आला ते दिसतंय रे,
दोर बघ.

खमीस फडक्यात धरून
शेवटची तीस वाव केबल
बोटाबोटाने चाचपत होता.
एका जागी थांबला.
मला हाक मारली.