बीड

उद्यमबागेत आमच्या शेडची रात्रपाळी बंद पडली
त्या वर्षी भरमा हुंदरेनं मालकाकडून किल्ली मागून घेतली.
भाडं नाही. फक्त सकाळी वाळू चाळून ठेवायची.

कॅम्पातल्या इग्नेशियसनं कीबोर्ड आणला,
तीन पट्ट्या मुक्या.
ईरण्णा हडपद गायचा, म्हणजे
भट्टीच्या तोंडाशी माणूस जसा बोलतो
तसा ओरडायचा.
मी फेटलिंगवाला. माझ्या वाट्याला लोखंड आलं:
पंपाची तडकलेली केसिंग, रिजेक्ट ब्रेक ड्रम
आणि पत्र्याचा एक दरवाजा.

पहिल्या रात्री वॉचमन पळत आला,
मशीन चालू राहिलं काय गा?
ती आमची पहिली दाद.

नाव ठेवलं बीड.
कोल्हापूरवाल्यांना वाटलं, जिल्हा.
हुबळीवाल्यांना काहीच वाटलं नाही.
आम्ही सांगत बसलो नाही.

भांडण एकदाच झालं. खानापूरच्या पोस्टरवर
कुठली लिपी वर, कुठली खाली.
ईरण्णानं ग्रीसचा हात दोन्हींवर पुसला
आणि तेच छापायला दिलं.
ठोका मात्र मीच मोजून द्यायचा:
ओंदु, एरडु, तीन, चार.
ठरवून नव्हे. शेडमध्ये माल तसाच मोजतात.

मग हुबळीच्या कॉलेजात सातशे पोरं.
मग पुणे.
मग बंगळूर, एका जुन्या कारखान्यात,
जिथं लेथ शोभेला ठेवलाय, पॉलिश मारून,
आणि त्याच्यावर ग्लास.
एकानं विचारलं, हा आवाज कुठल्या सॉफ्टवेअरमधून काढता?
भरमानं तळहात दाखवला.

हे मला फोनवर कळलं.
त्याच महिन्यात माझी पर्मनंटची ऑर्डर आली होती.

माझ्या जागी त्यांनी डबा घेतला, चार बटणांचा,
आत माझेच ठोके भरून.
डबा दमत नाही, पगार मागत नाही.
पण माझ्या डाव्या हाताचं एक बोट अर्धं आहे,
प्रेसनं खाल्लेलं,
म्हणून तिसरा ठोका जरा उशिरा पडतो.
इग्नेशियस म्हणाला, सरळ करता येतंय की एका मिनिटात.
केला नाही. तसाच ठेवलाय.
हजार माणसं म्हणे त्या उशिरापाशी
पाय उचलून थांबतात.

परवा जेवणाच्या सुट्टीत
हलग्याचा नवा पोरगा डब्याच्या झाकणावर
तेच वाजवत होता, भाकरी तोंडात.
तीन उशिरा.
मी म्हटलं, बरोबर.
तो म्हणाला, तुम्हाला काय कळतंय मामा ह्यातलं?
भोंगा झाला. आम्ही हात धुतले.