खुर्च्यांचा हिशेब

कुताइसीत, बंद पडलेल्या बस डेपोत आमची संस्था.
मोडक्या चाकाच्या खुर्च्या जमवतो, जोडतो, वाटतो.
मी हिशेबनीस, नाझिब्रोला, वय एकसष्ट.
माणसांबद्दल चुकते कधी कधी, आकड्यांबद्दल नाही.

तिबिलिसीहून सल्लागार आला, बेका नावाचा पोरगा.
भिंतीवर कोरा कागद चिकटवून विचारलं :
तीन वर्षांनी तुम्ही कुठे असाल?
गुराम म्हणाला, मी तर टेकडीवरच्या दफनभूमीत.
बेकानं तेही लिहून घेतलं.

मग दृष्टी ठरली, ध्येय ठरलं.
बलस्थानांखाली कुणी लिहिलं 'वेल्डिंग',
धोक्यांखाली 'फेब्रुवारी'.
आकडा मी वही न उघडता सांगितला :
सहा वर्षांत चारशे अठरा खुर्च्या.
टाळ्या पडल्या. पुढे सहाशे करू, ठरलं,
देणगीदारांना गोल आकडे आवडतात.

बेका म्हणाला, आधी बघून या,
त्या चारशे अठरा आज काय करतात.
काय करतात?
खुर्च्या काय करणार?

गेले.
इथल्या लिफ्टला आधी नाणं द्यावं लागतं.
दिलं. गिळून गप्प बसली.
गुडघ्यांची समजूत काढत पाच मजले चढले.
झुझुनाकडे आमची खुर्ची, क्रमांक सत्तावन्न,
खिडकीशी, नव्यासारखी,
आणि तिच्या मुठींना वाळत घातलेल्या
द्राक्षरसात बुडवलेल्या अक्रोडाच्या माळा.

बसत नाहीस?
बसून जाऊ कुठे? चुलीपर्यंत?

खाली अंगणात म्हातारे सोंगट्या खेळत होते.
फासे पडल्याचा आवाज वर येत होता.
कोण जिंकलं ते ऐकून कळतं, ती म्हणाली,
पण हरलेल्याचं तोंड बघायचंय गं एकदा.

त्या महिन्यात एकतीस घरं पाहिली.
तेवीस खुर्च्या उंबऱ्याच्या आत.
एकीवर लोणच्याच्या बरण्या,
एकीवर मांजर व्यालेली.

बैठकीत वाचून दाखवलं, आवाज न चढवता.
गुराम उठला : म्हणजे माझी सहा वर्षं अडगळ?
कुणी उत्तर दिलं नाही.
देणगीदाराचं पत्र टेबलावर होतंच :
खुर्च्यांचा पैसा खुर्च्यांनाच.
बेका पहिल्यांदाच काही लिहीत नव्हता.

रात्री नऊला हात वर झाले, सात विरुद्ध चार.
वर्षभर नवी खुर्ची नाही.
उतार बांधायचे, लिफ्टच्या मोटारी,
जिने नसलेल्या घरांच्या अदलाबदली.
पगार निम्मे. पत्राला नम्र नकार,
तो मसुदा मीच केला, चार वेळा फाडून.

विरुद्ध मत दिलेला गुराम
सकाळी टेप घेऊन पायऱ्या मोजत होता.

जुन्या रकान्यात आता शून्य लिहिते.
नव्याला नाव सुचेना. बेका म्हणाला, 'परिणाम'.
मी खोडून लिहिलं, 'खाली आले'.
पहिल्या तिमाहीत : दोन.
गुराम म्हणतो, मांजर धरून तीन कर.
नाही धरलं.

झुझुना त्या दोनांत नाही.
तिची लिफ्ट अजून नाणी गिळते.