मधली जागा

फोर्ट पोर्टलच्या वरच्या अंगाला, चहाच्या मळ्यांना लागून आमची शाळा.
दोन वर्षं तिथे कोंबड्या शिकत होत्या.
थट्टा नाही. हेडमास्तरांच्या डोक्यावर कर्ज होतं,
आणि बंदी मुलांना होती,
अंड्यांना नव्हती.

जानेवारीत कुलूप निघालं.
पोतंभर पिसं,
खडूच्या डब्यात एक अंडं, फुटून वाळलेलं,
आणि वास, जो फिनेललाही बधला नाही.
चौथीतून उठून गेलेली मुलं
थेट सहावीच्या बाकांवर बसली.
पाचवी वाटेतच कुठे सांडली, कुणी विचारलं नाही.

मी हजेरी घेतली. बासष्ट नावं, एकेचाळीस आवाज.
उरलेल्यांची उत्तरं दुसऱ्यांनीच दिली:
मळ्यावर. मळ्यावर. कंपालाला गेला.
बिरुंगी?
तिला बाळ झालं, बाई.
हे सांगताना मागच्या बाकावरही कुणी फिदफिदलं नाही.
तेव्हा कळलं, केवढी मोठी झालीत ही.

जिल्ह्याहून एक वही आली होती.
पहिल्याच पानावर पाच चेहरे,
रडक्यापासून हसऱ्यापर्यंत, ओळीने.
आज कसं वाटतंय त्यावर मुलाने बोट ठेवायचं.
किसेम्बोने पान नीट पाहिलं
आणि बोट ठेवलं वहीच्या बाहेर,
बाकाच्या लाकडावर.
चहा खुडून काळं पडलेलं बोट.
मी रकाना कोरा ठेवला. वरून विचारणा झाली,
म्हटलं, शाई संपली.

त्याचा बाप ट्रक चालवायचा.
त्या दिवसांत ट्रकवाल्यांना गावं पाणी देत नव्हती.
सरहद्दीवरून परत आली ती पेटी,
आणि पेटी उघडायची नव्हती.
मी तेव्हा घरात होते, भिंतीपलीकडे चारशे पावलांवर,
आणि गेले नाही.
हे मी वहीत लिहिलेलं नाही.

वर्गाच्या चौकटीवर मी दर सत्राला मुलांची उंची मापते.
पेन्सिलीची रेघ, बाजूला नाव.
खालच्या रेघा कोंबड्यांनी टोचून खाल्ल्या होत्या,
वरच्या होत्या तशाच.
किसेम्बो टाचा टेकवून उभा राहिला.
चौथीतली रेघ नेमकी त्याच्या ओठांवर आली.
नवी मारली डोक्यावर,
आणि दोहोंच्या मध्ये
वीतभर कोरं लाकूड.
मुलं गोळा झाली. प्रत्येकाच्या रेघांमध्ये तीच जागा,
कुणाची चार बोटं, कुणाची सहा.
"इथे काय झालं, बाई?"
मला वाटलं होतं, हे मी विचारायचं.

आम्हा टोरो लोकांना नावं दोन.
एक कागदाचं.
दुसरं एम्पाको, मायेनं हाक मारायचं.
डझनभरच आहेत, सगळ्या मुलखाला पुरतात.
ते न विचारता कुणाशी बोलायला लागणं
म्हणजे दारातून न येता खिडकीतून येणं.
आणि मी महिनाभर हजेरीच घेत होते.

दुसऱ्या दिवशी वही कपाटात टाकली.
एकेकापाशी गेले.
तुझं एम्पाको?
अतवूकी. अकीकी. अबूली.
तुमचं, बाई?
अमूती.
किसेम्बोपाशी वेळ लागला. बाहेर मळ्याचा भोंगा वाजून गेला.
मग तो म्हणाला, "अपूली,"
दोन वर्षं खिशात ठेवलेलं नाणं
अजून चालतं का, असं बघत.
चालतं, अपूली.
तो हसला वगैरे नाही. मधल्या सुट्टीत
चौकटीपाशी जाऊन त्या कोऱ्या वितीवर
तळवा ठेवून उभा राहिला, खूप वेळ.
मी वह्या तपासत राहिले. एकीही वाचली नाही.

बिरुंगी आली ती पावसाळ्याच्या तोंडाशी, फाटकाबाहेरच थांबली,
पाठीवर बाळ.
पोरींनीच तिला आत ओढलं,
बाळ चौकटीला उभं केलं; ते मुळी उभं राहीना,
भोकाड पसरून त्याने अख्खी शाळा गोळा केली.
तरी रेघ मारली, वाकडी,
टोचून खाल्लेल्या लाकडाच्याही खाली.
"नाव काय लिहू?"
बिरुंगी म्हणाली, कागदाचं अजून ठरलं नाही,
एम्पाको आहे.

मी तेच लिहिलं.
हेडमास्तरांची एक चुकार कोंबडी
अजूनही तासाला येऊन बसते.
तिला कुणी हाकलत नाही.