खिजगणती

हडर्सफील्डच्या दप्तरखान्यात हातमोजे घालत नाहीत.
हात धुवायचे, नीट कोरडे करायचे
आणि शाई दाराबाहेर ठेवायची.
आत फक्त पेन्सिल.

खोका एकशे बारा.
सेथ लंब या गणतीदाराची खासगी वही,
पणतवाने परवा आणून दिलेली,
ज्यात सापडली त्या चहाच्या डब्यासकट.
डब्याचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.

दोन एप्रिल एकोणीसशे अकरा, रविवार.
त्या रात्री जो जिथे झोपेल
तिथे त्याला मोजायचं, असा हुकूम.
फाउंड्री लेन, घर सतरा:
हेस्टर ऑल्ड्रॉइड, विणकरीण, विधवा.
तिने तक्ता कोरा परत केला,
वर आडवी एकच ओळ,
सेथने ती वहीत उतरवून घेतली आहे:
मतपेटीपाशी मी माणूस नाही,
मग मोजताना कशी झाले?

सेथची पंचाईत.
दार वाजवलं. उघडलं नाही.
आत बायका आहेत. हसतायत.
कुणीतरी पियानो वाजवतंय, एक पट्टी अडकते.
पडद्यावर सावल्या, पण सावल्या फिरतात,
तीच ती पुन्हा येत असेल.
पायरीवर ओल्या छत्र्या सात.

म्हणून, बायका अंदाजे आठ.
आठ खोडून नऊ.
नऊच्या पुढे प्रश्नचिन्ह.
आणि पानाच्या तळाशी, जणू स्वतःच्याच कानात,
आमची ही संध्याकाळपासून घरी नाही.
एक छत्री ओळखीची वाटली.
घरच्या तक्त्यात तिला लावून टाकली आहे.

आमची ही असं त्याने अर्थातच लिहिलेलं नाही.
माय वाइफ, असं लिहिलंय.
पण मला ते माझ्या वडिलांच्या आवाजात ऐकू येतं,
आणि मग दुसऱ्या कुठल्या आवाजात येतच नाही.

वही शेवटपर्यंत चाळते.
बुटाच्या तळव्यांचे पैसे आहेत.
खोकल्याचं औषध, कोळशाची उधारी,
टिंकर नावाचा कुत्रा, दोनदा हरवलेला, दोनदा सापडलेला.
तिचं नाव नाही.

आपल्याकडे मत म्हणजे दोन्ही,
पेटीत टाकायचं तेही, मनात असतं तेही.
आईने पहिलं दर पाच वर्षांनी दिलं,
वडिलांनी सांगितलेल्या चिन्हावर,
आणि बोटावरची शाई आठवडाभर
भाकरीच्या पिठात मिरवली.
दुसरं तिला कुणी विचारलं नाही.
मीही नाही, हे इथे, पेन्सिलीनेच लिहून ठेवते.

साडेचार. फिलिपा मागचे दिवे मालवत येते.
संगणकावर एक रकाना लाल होऊन बसलाय:
व्यक्तींची संख्या.
तो रिकामा सोडला तर नोंद पुढे सरकत नाही.
प्रश्नचिन्ह टाकलं, घेत नाही.
आठ घेतो. नऊ घेतो.
शून्यसुद्धा घेतो, मुकाट्याने.

नऊ ठेवते.
सेथला घरी एक, इथे एक,
ती दोनदा मोजली जाईल; जाऊ दे,
एरवी खिजगणतीत नव्हती.

शेऱ्याच्या रकान्याला मात्र काहीही चालतं.
तिथे लिहिते:
छत्र्या सात. पैकी एक ओळखीची.